पाचवा गिअर, व्हाया वऱ्हाड

मसल कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? अमेरिकेतला सरळसोट रस्ता, लांबलचक बॉनेट, मागे उडणारी धूळ आणि गॉगलवाला हिरो. अमरावतीचा राजकमल चौक तर नक्कीच येत नाही. पण आपल्याकडेही एक होती, बॉस! हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. १९८४ मध्ये बाजारात आली, २००२ मध्ये बंद झाली. मूळ साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सचा, तिकडे ती गाडी १९७८ मध्येच थांबली होती. लांब नाक, चार हेडलाइट, बसकी चाल आणि अख्खं लग्नाचं सामान मावेल एवढी डिकी. ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या जमान्यात ही गाडी गल्लीत शिरली की पोरं क्रिकेट थांबवायची.

गंमत बॉनेटखाली होती. सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसेडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन बसवलेलं, ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती, गिअर चार. म्हणजे सदरा पैलवानाचा आणि आत हडकुळा पोरगा! कंपनीने पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला, तेव्हा कुठे गाडीला तिच्या चेहऱ्याला शोभेल असा दम आला.

माझ्या मामांची कॉन्टेसा त्या पहिल्या, हडकुळ्या जातीची. १९८६ चं मॉडेल, पांढरी, एमएच-२७ च्याही आधीच्या नंबरची. मामा आता पंचाहत्तरीला टेकलेत, चावी माझ्या मामेभावाकडे आलीय. दादाचं घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात. रोज ट्रेनने जातो, पण शनिवारी त्याला गाडी काढायची असते. आणि हल्ली त्याचं एकच रडगाणं: "नव्वदच्या वर गेली का इंजिन बोंबलते न बाप्पा. बाजूनं अल्टो हॉर्न देऊन निघून जाते. कॉन्टेसाले अल्टो!"

दिवाळीच्या आत यावर काहीतरी करायचं त्याने ठरवलं. 'काहीतरी' म्हणजे दोनच गोष्टी. एक तर मागच्या ॲक्सलचं क्राऊन-पिनियन बदलायचं, नाहीतर ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे पाचव्या गिअरचा गिअरबॉक्स घालायचा. मिस्त्री एक सांगतो, मित्र दुसरं, आणि मामा म्हणतात काहीच करू नका. मी पुण्याहून गेले ते वीकेंडला जोडून सुट्टी काढून, गिला वडा खायला. मिळाली ती गिअरची शिकवणी. वडाही मिळाला, काळजी नसावी.

रस्ता बदलला, गाडी तीच

आधी रस्त्याबद्दल, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

अमरावतीहून बडनेरा, पुढे मूर्तिजापूर, बोरगाव मंजू आणि अकोला. शंभरेक किलोमीटरचा हा पट्टा पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ वर होता, आता त्याला ५३ म्हणतात. दोन्ही बाजूंना पूर्णा खोऱ्याची काळीभोर कपाशीची जमीन. ही माती पिकाला सोनं आहे आणि रस्त्याला शाप. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्या अंगावरचा डांबराचा थर बिचारा दरवर्षी उसवतो. त्यामुळे अमरावती-अकोला म्हटलं की वऱ्हाडातला माणूस आधी कमरेला हात लावायचा. साठच्या वर जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मग जून २०२२ आला. ३ ते ७ जून या काळात याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक लेन सलग डांबराने अंथरली गेली. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं, आणि गिनीज बुकात नाव! (७५ हा आकडा एका लेनचा. दोन लेनचा रस्ता म्हणून मोजला तर साडेसदतीस किलोमीटर. तरी कमी नाही.) आधीचा विक्रम कतारच्या दोहाचा होता, तिथल्या २५ किलोमीटरना दहा दिवस लागले होते. त्याच वर्षी डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो अकोल्याला बगल देतो, पण अमरावती जिल्ह्यातून जातो, आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे.

म्हणजे साठच्या रस्त्यासाठी घेतलेल्या गाडीसमोर अचानक शंभराचा रस्ता येऊन पडला. गाडी बिघडलेली नाही हो. तिचे दात जुन्या रस्त्यासाठी कापलेत, एवढंच.

दातांचं गणित

दात म्हणजे खरेखुरे दात. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टने मागच्या ॲक्सलपर्यंत जाते. तिथे छोटं पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतं. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागा, की ॲक्सलचा रेशो निघाला. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५५. चाक एकदा फिरायला शाफ्टला साडेचार फेऱ्यांहून जरा जास्त माराव्या लागतात.

आपल्या गाडीत कोणता रेशो आहे हे पाहायला ॲक्सल उघडावा लागत नाही. बडनेरा रोडच्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी मला जी ट्रिक दाखवली ती एकदम झक्कास. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली, पुढच्या चाकांना दगड. मागचं एकच चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर. उचललेल्या चाकावर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारली. चाक बरोब्बर दोनदा फिरवलं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या. दोनदा का? तर दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून डिफरन्शियल मोकळ्या चाकाला दुप्पट पळवतं. मोजल्या: चार, आणि अर्ध्याच्या किंचित पुढे. "घ्या ताई, साडेचारवाला हाय," मिस्त्री म्हणाले आणि हात पुसत चहा सांगितला.

आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढा. दादाच्या गाडीला १८५/७० आर १४ चे टायर आहेत, एका फेरीत साधारण १.९३ मीटर जातात. ताशी १०० ला चाक मिनिटाला ८६३ फेऱ्या मारतं. चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक. ८६३ गुणिले ४.५५ केलं की इंजिनाच्या फेऱ्या झाल्या जवळपास ३,९३०. समृद्धीवर १२० गाठायचे तर ४,७०० च्या पुढे. त्या जुन्या इंजिनाला तिथे ताकद उरत नाही, नुसता आवाज उरतो. दादा जे 'बोंबलते' म्हणतो ना, ते हे.

मित्रमंडळींचा सल्ला होता ॲक्सल बदल. साडेचारच्या जागी ३.९ चं क्राऊन-पिनियन टाक, शंभरला फेऱ्या ३,३७० वर येतील. खर्च कमी, गिअरबॉक्स जागेवर, इंजिन जागेवर. ऐकायला सॉलिड वाटतं. पण ॲक्सल बदलला की चौथ्या गिअरबरोबर चारही गिअर लांब होतात. समजा पहिला गिअर ३.८ चा आहे. आज पहिल्यात चाकावर इंजिनाचा जोर सतरापटीने पोचतो, ३.९ च्या ॲक्सलने तो पंधरापटीच्याही खाली येईल. वर स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, तिला मागे काय बदललं ते कळतच नाही. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ११६ वर असेल. केबलचा गिअर बदलला नाही, तर पोलिसांचा कॅमेरा तुमचा काटा बघत नाही!

अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. साठच्या दशकात तिथे सिग्नल ते सिग्नल शर्यतीसाठी ३.९ नाहीतर ४.११ चे ॲक्सल मागवायचे, चार गिअर, शेवटचा एकास एक. पाव मैलात गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी निघायची आणि हायवेवर कान बधिर करायची. आज तेच शौकीन ट्रेमेकचे पाच गिअरचे बॉक्स घालतात. त्यातल्या टीकेओ-६०० मध्ये पाचवा गिअर ०.६४ किंवा ०.८२ असा निवडता यायचा. त्यांच्याकडे सहा-सात लिटरचं इंजिन, ०.६४ सुद्धा ओढेल. आपल्याकडे दीड लिटर. तिथला सल्ला इथे चिकटवायचा म्हणजे ऊसाच्या गाड्याला शर्यतीचा बैल जुंपायचा.

शुक्रवार: चिखलदरा

मामांचं म्हणणं वेगळंच. "आधी चिखलदऱ्याले घेऊन जा तिले. मंग बोल काय बदलवतं ते."

म्हणून शुक्रवारी पहाटे निघालो. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सपाट रस्ता, दोन्हीकडे तूर, कपाशीचा पहिला वेचा नुकताच सुरू झालेला. साठ-सत्तरला गाडी अशी चालते की मागच्या सीटवर झोप लागावी. परतवाडा सोडलं की सातपुड्याच्या गाविलगड रांगा अंगावर येतात आणि घाट लागतो. वरचं गाव सुमारे १,१०० मीटरवर. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं तो कीचकदरा, त्याचा चिखलदरा झाला अशी गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो. विदर्भातलं हे एकमेव हिल स्टेशन, इथे कॉफीसुद्धा पिकते.

पण त्या दिवशी माझं लक्ष दरीकडे कमी आणि दादाच्या डाव्या हाताकडे जास्त होतं. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. मग एका वळणावर पुढे एसटी. लालपरी उतरणाऱ्या ट्रकला जागा देत थांबली, तिच्यामागे आम्हीही थांबलो. चढ असा की बॉनेटपलीकडे रस्त्याऐवजी आभाळ दिसत होतं. गाडीत चार माणसं, मामीने दिलेला डबा धरून पाच म्हणा. बस निघाली. दादाने पहिला टाकला, हँडब्रेक सोडला, आणि पन्नास घोड्यांची ती म्हातारी क्लचचा वास न काढता उठून चालायला लागली.

"हे साडेचारचं काम हाय," दादा म्हणाला. "तीन-नऊ असता तर आत्ता क्लच जाळला असता मी."

दुसऱ्या गिअरवर तर त्याहून जास्त परिणाम झाला असता. घाटाचा बराचसा चढ दुसऱ्यात जातो. तो लांब झाला की गाडी मधल्यामध्ये लटकते, पहिल्यात किंचाळते आणि दुसऱ्यात दम तोडते. मग इंजिन तापतं. आणि हा ऑक्टोबर होता! मे महिन्यात अकोल्या-अमरावतीचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रेडिएटरची काय अवस्था होईल विचार करा.

भीमकुंडाजवळ डबा उघडला. मामांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "चढली ना?"

शनिवार: अकोला

दादा दुसऱ्या पर्यायाकडे आधीपासूनच झुकला होता. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे ॲम्बॅसेडर १८०० आयएसझेडचं इंजिन आणि गिअरबॉक्स आल्याची खबर त्याला लागली होती. नव्वदच्या दशकातल्या या ॲम्बॅसेडरमध्ये तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर होते. ॲम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तेव्हापासून असे जोड मिळणं म्हणजे लॉटरीच.

शनिवारी सकाळी त्या विक्रमी डांबरावरून निघालो. रस्ता खरंच मस्त आहे, नव्वदपर्यंत गाडीत गप्पा मारता येतात. शंभरला आम्ही बोलणं सोडून खुणा करायला लागलो. मूर्तिजापूरला चहा. इथूनच शकुंतला सुटायची, एका दिशेला यवतमाळ, दुसऱ्या दिशेला अचलपूर. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली ही नॅरोगेज, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आता बंद आहे. वाफेच्या इंजिनाला गिअरबॉक्सच नसतो, हे मला दादाने तिथे उभं राहून सांगितलं. वाफ उभ्या चाकालाही पूर्ण जोर देते. पेट्रोल इंजिनाला तसं जमत नाही, त्याला आधी पळावं लागतं, म्हणून ही सगळी दातांची उठाठेव.

अकोल्यात शिरताना जिनिंगवाल्यांच्या फाटकाशी कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. भंगारवाल्याचं दुकान म्हणजे तेलाने काळं झालेलं अंगण. एका कोपऱ्यात गोणपाटाखाली आमची लॉटरी.

जुना गिअरबॉक्स घ्यायचा तर काय बघायचं? मिस्त्री सोबत आले होते, त्यांनी क्रमाने केलं. आधी तेलाचा बोल्ट उघडून तेल तळहातावर घेतलं. बारीक चकाकी असेल तर चालते, दाताचे तुकडे निघाले तर नमस्कार करून निघायचं. मग पुढचा शाफ्ट धरून वरखाली हलवला, बेअरिंगचा खेळ बघायला. एकेक गिअर टाकून फिरवला, कान लावून ऐकला. शेवटी पाचवा. पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर पुन्हा खडूच्या रेघा. पुढचा दहा वेळा फिरवला, मागचा फिरला बाराला जरासा कमी. म्हणजे रेशो ०.८५ च्या आसपास. आत जेवढ्या फेऱ्या जातात त्याहून जास्त बाहेर येतात, ओव्हरड्राइव्ह तो हाच! पूर्वी ब्रिटिश गाड्यांत हेच काम लेकॉक-डी नॉर्मनव्हिल नावाचं वेगळं युनिट गिअरबॉक्सच्या मागे बसून करायचं, बटण दाबलं की चालू. पाचवा गिअर आला आणि ते युनिट मागे पडलं.

आता खरी मजा. ४.५५ ला ०.८५ ने गुणा. ३.८७! म्हणजे पाचव्यात गाडी अशी धावणार जणू मागे ३.९ चाच ॲक्सल बसवलाय. शंभरला ३,३५० च्या आसपास फेऱ्या. मित्रांच्या सल्ल्याने जे मिळणार होतं तेच हायवेवर मिळालं, आणि साडेचारचा ॲक्सल घाटासाठी जागेवर राहिला. मामा आणि दादा दोघांचंही काम झालं. मोठ्या इंजिनामुळे पाचवा ओढायला ताकदही आहे. ते जुनं ५० अश्वशक्तीचं इंजिन ०.८५ ला जोडलं असतं तर समोरून वारा आला की पुन्हा चौथ्यात यावं लागलं असतं. ओव्हरड्राइव्ह जोर वाढवत नाही, तो असलेला जोर लांबवर पसरतो. जोरच कमी असेल तर पसरणार काय?

एक पथ्य मिस्त्रींनी तिथेच सांगितलं. सत्तरच्या खाली पाचवा टाकायचा नाही. कमी फेऱ्यांत जोर मागितला की इंजिन धडधडतं, तापतं, आणि पेट्रोल वाचवायच्या नादात बेअरिंग खातं.

एक अडचण, तिचं नाव मामा

गिअरबॉक्स एकटा येत नाही. इसुझूचा बॉक्स जुन्या इंजिनाला तसाच बसत नाही, त्यामुळे इंजिनही बदलायचं. आणि इंजिन हा शब्द निघाला की मामा वर्तमानपत्र खाली ठेवतात.

त्यांचा मुद्दा निव्वळ हट्टाचा नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, खास 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. मामांची गाडी २०३६ मध्ये पन्नाशी गाठेल. इंजिनात मोठा बदल केला तर ती वाट बंद. शिवाय नोंदणी पुस्तकावर इंजिनाचा नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे तो असा परस्पर बदलता येत नाही, आरटीओची आधी परवानगी, मग नोंद. ॲक्सलला यातलं काही लागत नाही, म्हणून तर लोक तिकडे वळतात.

रात्री जेवताना दादाने उलटा मुद्दा काढला. व्हिंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

"मंग अकोल्याले?"

"नाई नेता येत."

"चिखलदऱ्याले?"

"नाई."

मामा थोडा वेळ गप्प बसले. भाकरी मोडली, ठेच्यात बुडवली. "मंग तो नंबर घेऊन काय चाटाचा हाय काय?"

मामी हसायला लागल्या. परवानगी मिळाली, पण अटींसकट. जुनं इंजिन विकायचं नाही, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळवदाखालच्या खोलीत ठेवायचं. ॲक्सलला हात लावायचा नाही. आरटीओच्या शिक्क्याआधी जुना बोल्टही सैल करायचा नाही.

इंजिनासाठी दादाने बयाणा दिलाय. गिअरबॉक्स मात्र त्याच शनिवारी कॉन्टेसाच्या डिकीतून अमरावतीला आला, शेजारी माझी बॅग आणि दोन किलो संत्र्यांना जागा उरलीच. नवा बॉक्स बसवायचा म्हणजे मागचा शाफ्ट मापाने कापून पुन्हा बॅलन्स करावा लागेल, माउंटिंग बदलावे लागतील, क्लच इसुझूचाच घ्यावा लागेल. दिवाळी हुकणार हे मिस्त्रींनी आत्ताच सांगून टाकलंय. ते म्हणतात तुळशीच्या लग्नाला नक्की. दादाने संक्रांत धरलीय.